माणसंही बसवायची, मालही न्यायचा

या अंकात वाचकांचे निवडलेले प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: चार लाखांच्या आतली जुनी व्हॅन.

प्रश्न : केटरिंगचा छोटा व्यवसाय आहे. सहा माणसं, पातेली-पराती आणि किराणा एका खेपेत न्यायचा असतो. अडीच-तीन लाखांत मारुतीची जुनी ओम्नी घ्यावी की ईको? एजंट म्हणतो, 'ओम्नी कितीही भरा, ओढते.' (सातारा)

उत्तर : ओढते, हे खरं. पण पसरणीचा घाट उतरताना ओढण्याचा नाही, थांबण्याचा प्रश्न असतो.

आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात घ्या आणि एक वजाबाकी करा. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन असे दोन आकडे असतात. त्यांतला फरक म्हणजे चालकासकट तुम्हाला जे काही भरता येईल ते. ईकोमध्ये हा फरक मॉडेलप्रमाणे साधारण साडेपाचशे ते सहाशे किलो येतो. सहा माणसं सरासरी ६५ किलोंची धरली तर ३९० किलो तिथेच संपले. उरले दीडशे-दोनशे. आता भांड्यांचा संच एकदा भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवून पाहा. जाड बुडाची मोठी पातेली, शेगड्या, तांदळाचं एक पोतं आणि तेलाचे दोन डबे एवढ्यातच हे दोनशे किलो पुरे होतात. म्हणजे ईकोतसुद्धा तुमचं गणित काठावरच बसतं. ओम्नीसाठीही हीच वजाबाकी तिच्या आरसीवरून करा.

ओम्नीचं इंजिन ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं. जुन्या ईकोचं ११९६ सीसी, चार सिलिंडरचं. पण आमच्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. ओम्नीत ते १८४० मिमी, ईकोत २३५० मिमी. ओम्नीत मागे भरलेला जड माल मागच्या चाकांच्याही पाठीमागे लोंबकळतो, पुढचं तोंड हलकं होतं आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग ऐकत नाही. तेव्हा कोणतीही गाडी घ्या, जड भांडी मागच्या दाराशी न ठेवता मधल्या सीटच्या पाठीला टेकवून, जमिनीलगत ठेवा आणि पट्ट्याने बांधा. ब्रेक लागला की सुटं पातेलं थेट पुढच्याच्या मानेवर येतं.

सुरक्षिततेबद्दल स्पष्ट लिहायला हवं. ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली ती अपघात-चाचणीचे नवे नियम तिच्या ढाच्यात बसवणं शक्य नव्हतं म्हणून. तिच्यात चालकाचे गुडघे हाच बंपर असतो. ईकोही काही रणगाडा नाही. २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएसही (जोरात ब्रेक लागला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) त्याच सुमारास आलं. रोज सहा जीव घेऊन जाणार असाल तर तीन लाखांचे साडेतीन करा, पण त्यानंतरची गाडी शोधा.

एक राहिलं. १९ किलोचा व्यावसायिक गॅस सिलिंडर भरलेला असताना माणसं बसलेल्या बंद व्हॅनमधून नेऊ नका. पुरवठादाराला तो थेट मंगल कार्यालयावर पोचवायला सांगा. त्याचं टाकीसकट पस्तीसेक किलो वजनही वाचेल.

प्रश्न : टोमॅटोचे क्रेट बाजारात न्यायला ईको घ्यायची आहे. पाच आसनी घेऊन मागची सीट काढून टाकली तर चालेल का? घरच्या माणसांनाही वापरता येईल. (नारायणगाव)

उत्तर : गाडीला चालेल, विम्याला चालणार नाही. आलेल्या सगळ्या पत्रांत ही गफलत आहे, म्हणून जरा सविस्तर.

पत्रा एकच असला तरी ईको तीन प्रकारे नोंदलेली असू शकते: पांढऱ्या पाटीची खासगी, पिवळ्या पाटीची प्रवासी आणि पिवळ्या पाटीची मालवाहू. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' नावाचा एक परिच्छेद असतो, तो कुणी वाचत नाही. त्यात भाड्याने माणसं नेणं तर वगळलेलं असतंच, शिवाय नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून इतर मालाची वाहतूकही वगळलेली असते. क्रेट भरलेल्या खासगी ईकोचा अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण मिळतं. उलट मालवाहू नोंदणीच्या गाडीत घरची माणसं मागे बसवून जत्रेला गेलात तर त्यांना विम्याचं संरक्षण नाही आणि ते बेकायदाही आहे.

म्हणून आठवड्यातल्या फेऱ्या मोजा. पाचांतल्या चार फेऱ्या मालाच्या असतील तर कार्गो म्हणून नोंदलेलीच गाडी घ्या. ३००० किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, हा मोठा फायदा. फिटनेस, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी असल्याचं प्रमाणपत्र, मात्र लागतो: नव्या गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी. जुनी कार्गो घेताना फिटनेसची शेवटची तारीख आणि कर कधीपर्यंत भरला आहे ते आधी पाहा. सहा महिने फिटनेस संपलेली गाडी 'स्वस्त' मिळते, ती त्यामुळेच. मोटारीचा परवाना मात्र बदलावा लागत नाही. ७५०० किलोंपर्यंतची हलकी मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही (हलक्या मोटारीच्या) परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं.

क्रेटचं गणित: भरलेला क्रेट २२ किलोंचा धरा. चालक आणि सोबतचा मिळून १३० किलो. सहाशेतून उरले ४७०, म्हणजे २१ क्रेट. जागा तीसची दिसेल, आणि हंगामात मोह होईल. पण तीस क्रेट म्हणजे क्षमतेवर दोनशे किलो. त्यात आधी मागचे टायर जातात, मग मागच्या चाकांची बेअरिंग, मग इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचे, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे, क्रॉस (सांधे). विकायला आलेल्या कार्गोत या तीन जागा पाहिल्या की आधीच्या मालकाने किती क्रेट नेले ते कळतं.

प्रश्न : त्याच गाडीला सीएनजी असेल तर? (नारायणगावच्याच वाचकाचा जोडप्रश्न)

उत्तर : रोजच्या फेऱ्या असतील आणि पंप वाटेवर असेल तर जरूर. आरसीवर इंधनापुढे पेट्रोलसोबत सीएनजीची नोंद हवी, विमा पॉलिसीतही हवी. सिलिंडरची दाब-चाचणी दर तीन वर्षांनी लागते. तारीख सिलिंडरवरच्या पाटीवर असते, प्रमाणपत्र वेगळं असतं, दोन्ही जुळवून पाहा. गाडी थंड असताना पेट्रोलवर सुरू करून पाच मिनिटं चालवा, मग गॅसवर. जे बरीच वर्षं फक्त गॅसवरच चालवतात त्यांच्या गाडीचं पेट्रोल टाकीत शिळं होतं आणि इंजेक्टर, पंप धरतात. विकणारा 'पेट्रोल कशाला, गॅसच टाका' म्हणाला की समजा, पेट्रोलवर गाडी सुरूच होत नाही. सिलिंडर आणि त्याचं ब्रॅकेट पन्नास-साठ किलोंचं असतं. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत ते वजनही वरच्या हिशेबातून वजा करा: अडीच-तीन क्रेट कमी.

प्रश्न : गॅरेजवाला ओळखीचा नाही. जुनी ओम्नी किंवा ईको स्वतः कशी तपासावी? इकडे समुद्राची हवा आणि पुराचं पाणी, दोन्हींची भीती. (चिपळूण)

उत्तर : सकाळी जा. फोनवर आधीच सांगा, 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.' पोचल्यावर सायलेन्सरला हात लावून पाहा. गरम लागला तर पुन्हा उद्या या. तापलेलं इंजिन बरेच दोष लपवतं.

सुरुवात पत्र्यापासून. इंजिन बदलता येतं, कुजलेला सांगाडा नाही. चालकाच्या पायाखालची चटई पूर्ण उचला. ओम्नीत तिथेच, पुढच्या चाकाच्या मागे, चिखल उडून पत्रा आतून खातो. मग सरकत्या दाराची खालची पट्टी, पायरीची खालची कड, बॅटरीखालचा ट्रे, मागच्या दाराचे खालचे कोपरे. शेवटी गाडीखाली सतरंजी टाकून आडवे व्हा आणि टॉर्च मारून मागचा अ‍ॅक्सल जिथे सांगाड्याला धरला आहे त्या जागा पाहा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका: टणक आवाज आला तर बरं, भुसभुशीत आवाजाबरोबर पापुद्रे पडले तर तिथूनच घरी या. खाली नुकताच काळाकुळकुळीत लेप मारलेला असेल तर तो गंज रोखायला आहे की झाकायला, ते ठोकूनच कळेल. बाहेरच्या पत्र्यावर फ्रिजचं छोटं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे ते घसरून पडतं तिथे पत्र्यावर पुटीचा जाड थर आहे. दाराच्या तळाशी वीतभर पुटी ही वयाची खूण, पण छताच्या खांबावर पुटी म्हणजे गाडी उलटलेली असू शकते.

पुराचं पाणी ओळखायला चमक पाहू नका, जिथे कुणी धूत नाही तिथे पाहा. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, शेवटच्या फूटभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का? सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू, स्टेपनीची खालची बाजू. फ्यूज बॉक्समधला एखादा जोड सोडवून पाहा, तांब्यावर हिरवट बुरशीसारखा थर असेल तर वायरिंग पुढची दोन वर्षं तुम्हाला छळणार. या व्हॅनमध्ये इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, त्यामुळे गुडघाभर पाण्यातही इंजिनापर्यंत पाणी पोचतं. जुलै २०२१ मध्ये गाडी चिपळूणला होती का, किंवा ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला, हे विचारा आणि त्या वर्षीच्या विम्याच्या दाव्याची माहिती मागा.

आता सीट उचलून इंजिन. पेट्रोलच्या रबरी नळ्या बोटांनी वाकवून पाहा. तडे दिसले तर गाडी घेतल्याच्या दिवशीच बदला. जुन्या गाड्यांचं रबर आजच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनवलेलं नाही, आणि गळती झाली तर ती थेट तुमच्या बैठकीखाली होते. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाची साय, किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधी फेस, म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाच्या जोडातलं पॅकिंग) गेलं असण्याची दाट शक्यता.

इंजिन सुरू करा. पहिल्या दोन-चार सेकंदांत निळा धूर येऊन थांबला तर व्हॉल्व्ह सील, तो खर्च झेपणारा आहे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, गाडी तेल खाते. सुरू इंजिनावर तेलाचं झाकण सैल करून ठेवा. ते थरथरलं तर चालेल, उडून फसफस धूर आला तर नको. शंका राहिलीच तर मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. आकडा किती आहे त्यापेक्षा सिलिंडरा-सिलिंडरांत किती फरक आहे ते बघा: एक किलोच्या आत हवा.

मग वीस मिनिटं इंजिन जागेवर चालू ठेवा. रेडिएटर पुढे, इंजिन सीटखाली, मधे लांब नळ्या. या व्हॅन तापतात त्या बहुतेक वेळा याच नळ्यांतल्या गळतीने, किंवा पाणी बदलताना आत हवा अडकून. पंखा स्वतःहून दोनदा सुरू होऊन दोनदा बंद झाला पाहिजे. तापमानाचा काटा वरच येत नसेल तर खुश होऊ नका, तापू नये म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट (इंजिनाच्या पाण्याचं तापमान राखणारी झडप) काढून फेकलेला असू शकतो. असं इंजिन सतत थंड चालतं, पेट्रोल जास्त पितं आणि लवकर झिजतं.

रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडा-दाबा, सोडा-दाबा. खालून 'टक्' आवाज आला तर प्रोपेलरचे क्रॉस. ते स्वस्तात होतात, भाव करायला उपयोगी. पन्नास-साठच्या वेगाला मागून अखंड घोंघावणं आलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर सूर बदलला, तर क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधली दातेरी चाकं. हे महाग.

टायरच्या भिंतीवरचे शेवटचे चार अंक वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी सहा-सात वर्षांपूर्वीचे टायर बदलायचेच आहेत असं धरून भाव करा.

प्रश्न : आमच्या भजनी मंडळाचे आठ जण, पखवाज, पेट्या आणि पंढरपूरचे वर्षातून तीन-चार दौरे. चार लाखांत तवेरा की इनोव्हा? एर्टिगाही सुचवतात. (बार्शी)

उत्तर : आठ जण हा आकडा चालकासकट असेल तर एर्टिगा बाद, ती सात आसनी. शिवाय तिसरी रांग उभी असताना मागे पखवाज राहतो, पेटी मांडीवर येते.

तवेरा ऐसपैस, साधी आणि स्प्रिंगच्या पाट्यांवर दणदणीत चालणारी. स्वस्त मिळते कारण कंपनीने २०१७ अखेर भारतात विक्री बंद केली. इंजिनाचे सुटे भाग अजून फिरतात, पण काचा, दिवे, दारांचे पत्रे शोधायला जुन्या बाजारात हिंडावं लागतं. बार्शी-सोलापूर भागात तवेरा ओळखणारा मिस्त्री असेल तरच घ्या.

चार लाखांत येणारी पहिल्या पिढीची इनोव्हा बहुधा पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ५००० रुपये झालं, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. हे पैसे भावातून कापून घ्या. आठ आसनी इनोव्हा असेल तर आरसीवरही ८ च हवेत. तिच्या डिझेल इंजिनात दोन गोष्टी बिलासकट विचारा. टायमिंग बेल्ट कधी बदलला? तो तुटला तर आतलं वरचं सगळं मोडतं, आणि डॅशवरचा टी-बेल्टचा दिवा रीसेट करून विझवता येतो, म्हणून दिव्यावर नाही, बिलावर विश्वास. दुसरं, इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर. ते गळले की जळका धूर तेलात उतरतो, काजळी तेलाच्या गाळणीत बसते आणि एके दिवशी तेलाचा दाबच जातो. तेल डांबरासारखं घट्ट काळं दिसलं तर सोडून द्या.

पण वर्षातून चारच दौरे असतील तर खरं सांगायचं, गाडी घेऊ नका. चार दौऱ्यांना टॅक्सी पासिंगची गाडी ठरवा. आणि घेतलीच, तर मंडळाच्या सभासदांकडून 'भाडं' गोळा करू नका. पांढऱ्या पाटीवर भाडं घेणं म्हणजे परमिटशिवाय वाहतूक, दंड १०,००० रुपये.

प्रश्न : पाच आसनी ईकोत मागे बाक टाकून सात जण बसवता येतील का? (पनवेल)

उत्तर : नाही. आरसीवरचा आसनांचा आकडा बदलत नाही तोवर ती दोन माणसं कायद्याने आणि विम्याने अस्तित्वातच नाहीत. बाक जमिनीच्या पत्र्यात स्क्रूने बसवलेला असतो आणि धडकेत स्क्रू पत्र्यासकट उपटतो. अशी गाडी विकायला आली तर बाक काढलेल्या जागेची भोकं गंजली आहेत का तेवढं पाहा.

प्रश्न : गोव्यातली एक ईको आणि दिल्लीतली एक इनोव्हा, दोन्ही इथल्या भावापेक्षा खूप कमी. कागदपत्रं काय लागतील? (सावंतवाडी)

उत्तर : दिल्लीची स्वस्त आहे कारण त्या परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. गाडी वाईट असेलच असं नाही, पण भावात महाराष्ट्राचा वाहनकर, आणण्याचा खर्च आणि तुमचे चार खेटे मिळवा. बहुतेकदा फायदा उरत नाही.

गोव्याची जवळ आहे, स्वतः पाहता येईल. पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतील तर ती पर्यटकांना स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. दर आठवड्याला नवा चालक. तिचा क्लच आणि गिअरबॉक्स गृहीत धरू नका.

परराज्यातल्या गाडीसाठी तिथल्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८, हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. विकणाऱ्याच्या सहीचा फॉर्म २९ दोन प्रतींत, तुमचा फॉर्म ३०, आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या पत्रासह फॉर्म ३५. गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे राहणार असेल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो. चॅसिसवर कोरलेला नंबर आरसीशी अंक-अंक जुळवा. नुसता फोटो नको, कागद ठेवून पेन्सिलने घासून उमटवा. थकलेली ई-चलनं वाहन क्रमांकावर ऑनलाइन दिसतात, ती विकणाऱ्याकडून भरून घ्या. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा पाटी बसली आहे का पाहा. स्वतःच्या नावावर विमा चौदा दिवसांच्या आत करून घ्या.

गाडी ताब्यात घेताना तारीख आणि वेळ, अगदी मिनिटांसकट, लिहिलेली ताबापावती दोघांच्या सहीने करा. आरसीवर जुनं नाव असेतोवर अपघाताची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, म्हणून शहाणा विकणारा ती पावती स्वतःच मागेल. जो टाळतो आणि 'नाव नंतर कधीही करा' म्हणतो, त्याच्या नावावर ती गाडी आहे का हेच आधी तपासा.